जुनी बोट रंगवण्याआधी ठोकून बघ

अरे वा, घेतलीस एकदाची जुनी फायबरची बोट! पण रंगाचा डबा इतक्यात उघडू नकोस. हातोडीच्या दांड्याने मागची फळी ठोक, इंजिन बसतं ती. 'टक्' आवाज आला तर ठीक. 'भद्द' आला तर आतलं लाकूड कुजलंय, आधी ते बदलायचं. मी पहिल्या बोटीला हे केलं नव्हतं. रंग चकाचक, आणि पहिल्याच फेरीत इंजिनाचे बोल्ट डुगडुगायला लागले!

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- घासण्याआधी अ‍ॅसिटोनने मेण-तेल पूस. नाहीतर पॉलिश पेपर तेच मेण आत चोळत बसतो आणि नंतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. पेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०. फायबरची भुकटी वाईट, मास्क हवाच. (सोसायटीत घासणार असशील तर सेक्रेटरीला आधी चहा पाज.)
- टू-पॅक रंगात (रंग आणि तो घट्ट करणारा हार्डनर, असे दोन डबे मिसळायचे) हार्डनर अंदाजाने नाही, मापाने.
- मुंबईची दमट हवा ताजा रंग धुरकट करते. जानेवारी-फेब्रुवारीत, दव वाळल्यावर रंगव. पावसाळ्यात उघड्यावर तर नाहीच.

स्प्रे, शेवाळ-कालवं रोखणारा तळाचा रंग वगैरे नंतर बोलू. आधी ठोक, आणि आवाज कसा आला ते कळव.