टाचणाचा तास

प्रिय सिस्टर,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत एकच प्रश्न तू फिरवून फिरवून विचारलास, मी आधी सिस्टर की आधी टीचर? या प्रश्नाचा मला कंटाळा आहे. रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थना-शिबिरात, बोलायला तो बरा असतो, त्यातून पुढं काही निघत नाही. त्यापेक्षा तिसऱ्या पानावर जाता जाता टाकलेलं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. ‘हल्ली टाचण काढायला वेळच होत नाही, मागच्या वर्षीचंच उतरवते.’ टाचण म्हणजे उद्याच्या पाठाची आजची लेखी तयारी, आणि दुखणं तिथं आहे. प्रार्थना कोरडी झाली, मिस्सात, म्हणजे सकाळच्या उपासनेत, लक्ष लागत नाही, कॉन्व्हेंटच्या प्रमुख सुपीरियरचा राग येतो, हे सगळं त्यानंतरचं.

कसं होतं बघ. पाठ तयार नसला की पहिल्या दहा मिनिटांत मुलांना ते कळतं. पन्नास मुलं चुळबुळायला लागतात, मग तू आवाज चढवतेस, एखाद्याला उभं करतेस. संध्याकाळी आत्मपरीक्षणाला बसलीस की तोच मुलगा डोळ्यांसमोर येतो, आणि ‘माझ्यात प्रेम कमी आहे’ असं तू वहीत लिहितेस. प्रेम कमी नाही गं. टाचण कमी आहे.

म्हणून एकच सांगते, आणि या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: टाचणाचा तास कुणालाही द्यायचा नाही.

कॉन्व्हेंटचा दिवस मला ठाऊक आहे. पाचला उठणं, साडेपाचला सकाळची प्रार्थना आणि मनन, मग मिस्सा, घाईत चहा, सातच्या आत शाळेत. साडेबाराला शाळा सुटते. जेवणानंतर जे दोन-अडीच तास उरतात त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. दारावरची घंटा, बोर्डिंगच्या मुलींचा अभ्यास, सॅक्रिस्टीतले, म्हणजे उपासनेचं सामान ठेवायच्या खोलीतले, कपडे, आलेल्या पाहुण्यांचा चहा, फादरना हवं असलेलं चर्चमधल्या गाण्यांचं टायपिंग. यातलं एकही काम वाईट नाही, पंचाईत तीच आहे. वाईट काम असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. शिवाय तू ज्युनिअर, त्यामुळे ‘तिला सांगा, ती करेल’ हे ठरलेलंच.

तास मागायचा तो जूनमध्ये, कामांची वाटणी व्हायच्या आधी. ऑगस्टमध्ये मागितलास तर ती तक्रार ठरते. ‘मला वेळ मिळत नाही’ असं म्हणू नकोस, वेळ कुणालाच मिळत नाही. ‘तीन ते चार मी शाळेत असेन, त्याच्या बदल्यात शनिवारची सैपाकघराची पाळी आणि रविवारची सॅक्रिस्टी माझ्याकडे द्या,’ असं म्हण. बदल्यात देशील ते काम जड असू दे, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही. आणि बस ती शाळेतच, वर्गात, फळ्यासमोर. कॉन्व्हेंटात खोलीचं दार लावून बसलीस तर पंधराव्या मिनिटाला कुणीतरी टकटक करेल, आणि तू उठशील. उठतेसच तू.

एवढं करूनही तास जातो. डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलन, नाताळचा गोठा आणि कॅरोल्स एकाच पंधरवड्यात येतात. पवित्र आठवडा आणि वार्षिक परीक्षेची गडबड बहुतेक एकमेकांच्या अंगावर पडतात. या दोन हंगामांत तास अर्ध्यावर येणार हे आधीच धरून चाल, आणि त्या आठवड्यांचे पाठ नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत काढून ठेव.

‘वर्गाला एवढं महत्त्व देणं हा अहंकार नाही का?’ असं तू लिहिलंस. कुणीतरी तुला तसं म्हटलेलं दिसतंय. मग थोडा इतिहास ऐक. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं व्रतस्थ स्त्रियांसाठी बंदिस्त मठाचा नियम कडक केला. मुलींना शिकवायचं तर सिस्टरांना मोकळं फिरता आलं पाहिजे, असा आग्रह मेरी वॉर्ड या इंग्लिश बाईंनी धरला. आजच्या फ्रान्समधल्या सेंट-ओमेरपासून रोमपर्यंत त्यांनी शाळा काढल्या. १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांची संस्था बरखास्त केली आणि त्यांना म्युनिकच्या एका मठात कोंडून ठेवण्यात आलं. संस्थेच्या नियमांना मान्यता मिळाली १७०३ मध्ये, आणि संस्थापक म्हणून त्यांचं नाव घ्यायला परवानगी मिळाली थेट १९०९ मध्ये. चर्चच्याच दुसऱ्या व्हॅटिकन सभेनं १९६५ मध्ये स्पष्टच लिहिलं की, प्रेषितकार्यासाठी, म्हणजे शिकवण्यासारख्या सेवेसाठी, निघालेल्या संस्थांमध्ये ते कार्य हा व्रतस्थ जीवनाच्या स्वभावाचाच भाग आहे. म्हणजे प्रार्थना झाल्यावर उरलेल्या वेळात उरकायचं काम म्हणजे वर्ग, असं कुठंही लिहिलेलं नाही. हा वर्ग आपल्याला भांडून मिळालाय. तो मागच्या वर्षीच्या टाचणावर चालवायचा, आणि त्याला नम्रता म्हणायचं?

आता त्या तासात करायचं काय. मुख्याध्यापिकेच्या सहीसाठी लिहितात ते टाचण वेगळं. उद्दिष्ट, साहित्य, मूल्यमापन, सगळे रकाने भरलेले. ते लिही, दहा मिनिटांत होतं. खरं टाचण म्हणजे मुलं उद्या कुठं चुकणार ते आज शोधणं. त्यासाठी पुस्तकातलं प्रत्येक गणित स्वतः हातानं सोडव, डोळ्यांनी नाही. मग त्याचं चुकीचं उत्तर काय येईल ते लिही.

तुझ्या पाचवीचंच घे. ५०२ वजा १७८. उत्तर ३२४. ज्याचं ४७६ येतं त्यानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केलाय: आठातून दोन, सातातून शून्य, पाचातून एक. त्याला हातचा म्हणजे काय तेच कळलेलं नाही. ज्याचं ३३४ येतं त्याला हातचा कळलाय. त्यानं शतकाकडून घेतलं, दशकाला दहा दिले, एककाचे बाराही केले, पण दशकाचे नऊ करायला विसरला. दोघांच्या वहीत तू एकच लाल फुली मारतेस आणि दोघांना तेच गणित पाच वेळा लिहायला देतेस. पहिला पाच वेळा तीच चूक गिरवतो. दुसऱ्याला फक्त ‘एककाला दिलेला दशक गेला कुठून?’ एवढं विचारायला हवं होतं. हे वर्गात उभ्या उभ्या सुचत नाही. आदल्या दिवशी ४७६ आणि ३३४ कागदावर मांडलेले असले, तरच वहीत दिसल्यावर ओळखू येतात.

रोज पन्नास वह्या तपासू नकोस. पाच ओळी आहेत ना वर्गात? सोमवारी पहिली ओळ, मंगळवारी दुसरी, म्हणजे रोज दहा वह्या, वीस मिनिटं. बरोबरच्या खुणा झरझर कर, चुकांपाशी थांब. सारख्या चुकांची नावं कागदावर एकत्र लिही. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं त्या गटाची.

शेवटची पंधरा मिनिटं रिकाम्या फळ्यावर. काय कुठं लिहायचं, काय पुसायचं नाही, हे करून बघ. मागच्या बाकावर जाऊन बस आणि स्वतःचं अक्षर वाचून बघ.

खडू, कार्डशीट, झेरॉक्स यासाठी दर वेळी वीस-तीस रुपये मागत हिंडू नकोस. दारिद्र्याच्या व्रताचा तो अर्थ नाही, त्यानं फक्त मागणारी आणि देणारी दोघी वैतागतात. महिन्याची रक्कम एकदाच ठरवून घे आणि महिनाअखेरच्या हिशेबात पावत्या लाव.

व्रतांबद्दल विचारलंस, ते थोडक्यात. चर्चच्या कायद्याप्रमाणे हंगामी, म्हणजे ठरावीक मुदतीची, व्रतं तीन ते सहा वर्षांची असतात आणि फार तर एकूण नऊ वर्षांपर्यंत लांबवता येतात. तुझं पाचवं चालू आहे. मुदत संपली की जायला तू मोकळी आहेस, त्यासाठी कुणाची सूट लागत नाही. मुदतीच्या मध्येच निघायचं असेल तर मात्र गंभीर कारण लागतं आणि सगळ्या संस्थेच्या प्रमुख सुपीरियर जनरलची अनुमती. बाहेर पडलीस तर केलेल्या कामाचं काही मागता येणार नाही. जाणाऱ्या सिस्टरशी संस्थेनं न्यायानं आणि मायेनं वागावं, असंही तेच कलम सांगतं, पण त्या भरवशावर राहू नकोस. डी.एल.एड. झालंय, आता बी.एड. माग. दोन वर्षांचा कोर्स आहे आणि हजेरी कडक असते, तेव्हा ‘शाळा सांभाळून करते’ असं कबूल करून बसू नकोस. पगार संस्थेचा असतो, प्रमाणपत्र तुझ्या नावाचं.

तुझ्या पगारातून टॅक्स कापला जातो म्हणून तुमच्याकडे कुजबुज आहे म्हणतेस. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो विषय मिटवला. अनुदानित शाळेतल्या सिस्टर आणि फादरांच्या पगारावर टीडीएस लागतो, पुढं तो पगार संस्थेला दिला तरी. कापलेल्या टॅक्सचं प्रमाणपत्र स्वतःच्या फाइलमध्ये ठेव आणि रिटर्न भर. पुरे.

राहायचं की जायचं, हे मी सांगणार नाही. एवढंच म्हणते की थकलेल्या डोक्यानं ठरवू नकोस. जूनपासून दिवाळीपर्यंत टाचणाचा तास धर, मग ठरव. वर्ग नीट चालत असूनही मन चॅपेलमध्ये रमत नसेल, तर ती वेगळी गोष्ट, आणि ती प्रामाणिकपणे फॉर्मेटरपुढं, म्हणजे तुम्हा ज्युनिअरांना घडवणाऱ्या सिस्टरपुढं, मांड. आत्ता तुला यातलं काय आहे तेच कळत नाहीये, कारण सगळा चिखल एकत्र झालाय.

मला हट्टी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. आज्ञाधारकपणाचं व्रत घेतलेल्या बाईनं तासासाठी अडून बसू नये, असं म्हणणारे अजून आहेत. माझं उत्तर अजून तेच आहे. मला शिकवायची आज्ञा झाली होती, ती पाळायला तो तास लागत होता. खंत आहे ती अडून बसल्याची नाही. उशिरा अडून बसल्याची आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांना माझ्याकडून जे मिळालं ते उतरवलेलं टाचण होतं, आणि ती मुलं काही परत पाचवीत येत नाहीत. असो.

पाहुण्यांचा चहा दुसरं कुणीतरी करेल. टाचणाचा तास दुसरं कुणी करत नाही.

शून्याच्या हातच्यासाठी काड्या वापर. पाच-पाच मुलांचे दहा गट कर, प्रत्येक गटाला १०२ काड्या दे: शंभराचा एक गठ्ठा, दोन सुट्या. गणित द्यायचं १०२ वजा ३८. शंभराचा गठ्ठा सोडला की आत दहाचे दहा गठ्ठे निघाले पाहिजेत, आणि त्यातला एक पुन्हा सोडल्याशिवाय आठ काड्या काढता येत नाहीत. उरलेले नऊ गठ्ठे मुलांना मोजायला लाव, मोठ्यानं. तिथंच ३३४ वाला जागा होतो. खराट्याच्या काड्या बोटभर कापून घे, १,०२० लागतील, वीसेक जास्तच ठेव. टोकं दगडावर घासून घे, नाहीतर हाताला टोचतात. बांधायला दुकानातले रबर नकोत, पावसाळ्यात चिकटतात आणि तुटतात. सायकलवाल्याकडून पंक्चरची जुनी ट्यूब आण आणि कात्रीनं अर्ध्या बोटाच्या चकत्या काप. दहाच्या गठ्ठ्यांना अशा शंभर, दोन वेढे घातले की घट्ट बसतात. शंभराच्या गठ्ठ्यांना दहा मोठ्या, त्या स्कूटरच्या ट्यूबच्या काढ.

तुझी,
सिस्टर