झालेल्या रोगावरची लस : ‘थेरप्युटिक व्हॅक्सिन’ला मराठीत काय म्हणावं?

आरोग्यविषयक मजकुराचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : “थेरप्युटिक व्हॅक्सिन या संज्ञेसाठी मला उपचारात्मक लस, रोगनिवारक लस आणि औषधी लस असे तीन पर्याय सापडले. पण लस आपण रोग होऊ नये म्हणून घेतो. रोग झाल्यावर जे देतात त्याला लस म्हणणं बरोबर आहे का? आणि जाता जाता, अनेकवचन लसी की लशी?”

लस म्हणणं बरोबर आहे. तिन्हींपैकी एकही शब्द मला पूर्ण पटत नाही. मी ‘उपचारलस’ सुचवेन. पण या प्रश्नाशी आजारी माणसांच्या आशा जोडलेल्या आहेत, त्यामुळे थोडं खोलात जाऊन लिहितो.

आधी शब्द. इसबातून, खरजेतून, चिघळलेल्या जखमेतून जे पातळ, चिकट पाणी झिरपतं ते लस. ‘लस वाहते’ हा प्रयोग घरोघरी आहे. एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने १७९६ साली गोस्तनदेवीच्या, म्हणजे गायींच्या देवीच्या, फोडातलं पाणी एका मुलाच्या दंडावर टोचलं, ते असंच पाणी होतं. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि तिच्या फोडातली लस काढून पुढे इतर मुलांना टोचली गेली. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशीच ती देशभर पसरली. इंग्रज डॉक्टरही त्या काळात या द्रवाला ‘लिंफ’च म्हणत. गुजरातीत ‘रसी’ म्हणजे पू आणि रसी म्हणजेच व्हॅक्सिन. कन्नडमध्ये ‘लसिके’. हिंदीने मात्र ‘टीका’ म्हणून त्वचेवरच्या खुणेकडे पाहिलं. संस्कृत ‘लसीका’ तर चरकसंहितेत आहे. कुष्ठात बिघडणाऱ्या सात द्रव्यांत तिची गणना होते. कुष्ठरोगाकडे पुढे यायचंच आहे.

म्हणजे ‘लस’ या शब्दात प्रतिबंधाचा अर्थ मुळात नव्हताच. तो वेगळा जोडावा लागला, म्हणून तर आपण ‘रोगप्रतिबंधक लस’ असं लांबलचक लिहीत आलो. विशेषण लावायची गरज पडली याचा अर्थ दुसऱ्या प्रकाराला भाषेत जागा होती. आणि दुसरा प्रकार खरोखरच होता. रॉबर्ट कोख या जर्मन जंतुशास्त्रज्ञाने १८९० साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत क्षयावर उपाय सापडल्याचं सूचित केलं, नोव्हेंबरात तो प्रसिद्ध केला आणि युरोपभरचे क्षयरोगी बर्लिनकडे धावले. वर्तमानपत्रांनी त्या द्रवाला नाव दिलं ‘कोखची लिंफ’. मराठीत शब्दशः ‘कोखची लस’च! ती होती क्षयजंतूंच्या संवर्धनाचा ग्लिसरीनमधला अर्क. कोखने तिची कृती सुरुवातीला गुप्त ठेवली. काही महिन्यांतच रुग्ण दगावू लागले. रुडॉल्फ फिर्खोने शवविच्छेदन करून दाखवलं की जंतू मरत नाहीतच, उलट शरीरात नव्या जागी पसरतात. तो अर्क आज ट्युबरक्युलिन म्हणून उरला आहे. मुलांच्या हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजतात, त्या माँटू चाचणीत तो असतो. उपचार म्हणून फसला, निदानासाठी टिकला.

मग लस कशाला म्हणावं आणि कशाला म्हणू नये? माझ्या मते ‘आधी की नंतर’ हा निकष चुकीचा आहे. ‘प्रतिकार कोण करतं’ हा निकष घ्यावा. लस शरीराला शत्रूची ओळख करून देते आणि पुढचं काम शरीर स्वतः करतं. या कसोटीवर ‘सर्पदंशावरील लस’ हा बातम्यांतला लाडका प्रयोग टिकत नाही. परळच्या हाफकिन संस्थेत किंवा इतरत्र जे तयार होतं ते घोड्यांच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष आहे. तिथे तयार प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बाहेरून मिळतात, रुग्णाचं शरीर नवं काही शिकत नाही. सर्पदंशासाठी ‘प्रतिविष’ हा नेमका शब्द असताना ‘लस’ लिहू नये. कुत्रा चावल्यावर घेतात ती रेबीजची लस मात्र खरीच लस. पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी योझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती द्यायला सुरुवात केली तेव्हा कुत्रा आधीच चावलेला होता. पण रोग अजून उद्भवायचा होता, विषाणू मेंदूकडे निघालेला होता. त्यामुळे ती चावल्यानंतरची असली तरी प्रतिबंधकच. उपचारलस त्याच्या पुढच्या टप्प्याची : रोग शरीरात बसला आहे, बहुधा वर्षानुवर्षं, आणि तिथून त्याला हटवायचं आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो मुद्दा. मराठीत ‘गोवराची लस’ आणि ‘खोकल्यावरचं औषध’ यांत ‘-ची’ आणि ‘-वर’चा फरक आहे. खोकल्यावर औषध घेतो तेव्हा खोकला झालेला असतो. गोवराची लस बाळाला देतो तेव्हा गोवर झालेला नसतो. कांजिण्यांची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, पोलिओचा डोस : प्रतिबंधासाठी लोक आपसूक ‘-चा, -ची, -चं’ वापरतात. ‘-वर’ आला की ऐकणारा समजतो की रोग आहे आणि त्यावर हा उपाय आहे. बातमीच्या मराठीने हा भेद पुसला. एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गाने होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस आली, मथळा ‘कर्करोगावरील लस’. डिसेंबर २०२४ मध्ये रशियाच्या आरोग्य मंत्रालयाने एमआरएनए लशीची (पेशींना प्रथिन बनवण्याचा निरोप देणाऱ्या रेणूच्या लशीची) घोषणा केली, ती आधीच कर्करोग झालेल्या रुग्णांच्या उपचारासाठी होती. पण ती आता सगळ्यांना कर्करोगापासून वाचवणार, असा अनेकांचा समज झाला.

यातून होणारा घोटाळा गंभीर आहे. एचपीव्ही लस आधीपासून असलेला संसर्ग हटवत नाही, झालेला कर्करोग तर नाहीच नाही; म्हणून ती लहान वयात, ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यावी असं सांगतात. आईला कर्करोग झाला आहे म्हणून तिच्यासाठी ‘ती लस’ शोधत फिरणाऱ्या मुलाची या मथळ्याने काय अवस्था होत असेल? उलट बाजूने, निरोगी माणूस रुग्णांसाठी बनलेल्या लशीची वाट पाहत तपासणी पुढे ढकलू शकतो. एका ‘-वरील’ने एवढं होऊ शकतं.

आणखी एक गोष्ट ‘लस’ या शब्दाला चिकटलेली आहे : तिची कीर्ती. देवीचं जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० साली झाली, भारत २०१४ साली पोलिओमुक्त ठरला. लस म्हटलं की एक-दोनदा टोचून कायमची निश्चिंती, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. उपचारलशीला ही कीर्ती आयती मिळते, पण तिचं काम फार अवघड आहे. निरोगी शरीराला अनोळखी जंतूची ओळख करून द्यायची असते. दीर्घकालीन रोगात शरीराने तो जंतू किंवा ती गाठ आधीच पाहिलेली असते, अनेकदा वर्षानुवर्षं, आणि तिच्याशी लढून टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) थकलेल्या असतात किंवा तिला आपलीच मानून गप्प बसलेल्या असतात. पोरांचा दंगा वर्षभर ऐकून शेजाऱ्याला जसा तो ऐकूच येईनासा होतो, तसं. त्या शरीराला पुन्हा जागं करायचं, तेही निरोगी उतींवर हल्ला होणार नाही इतक्या बेताने.

हे अवघडपण किती, ते अल्झायमरच्या लशीवरून कळतं. मेंदूत साचणाऱ्या अमिलॉइड प्रथिनाविरुद्ध शरीराला शिकवणारी एएन-१७९२ ही लस सुमारे ३०० रुग्णांना दिली गेली. त्यांतल्या १८ जणांना मेंदूला आणि त्याच्या आवरणांना सूज आली आणि २००२ साली चाचणी थांबवावी लागली. पुढे मृत्यूनंतर काही जणांचे मेंदू तपासले तेव्हा अमिलॉइडचे थर बऱ्यापैकी साफ झालेले आढळले, स्मृतिभ्रंश मात्र शेवटपर्यंत वाढतच गेला होता. लशीने आपलं काम केलं आणि रुग्णाला त्याचा उपयोग झाला नाही. ‘लस यशस्वी’ असं लिहिताना कोणतं यश, ते वाक्यात यायलाच हवं, ते यासाठी. रक्तदाबाच्या लशीने २००८ साली आशा दाखवली, ती पुढच्या चाचण्यांत टिकली नाही. तंबाखूचं व्यसन सोडवण्यासाठीची निकोटिनची लस २०११ साली चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरली.

आणि तरीही मला हा मार्ग आशेचा वाटतो, कारण त्याचं एक उदाहरण आपल्या घरचं आहे. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये १९५८ साली बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून वाढवला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं आयसीआरसी. पुढे डॉ. एम. जी. देव आणि सहकाऱ्यांनी त्यापासून लस केली. दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांनी एमडब्ल्यू नावाच्या दुसऱ्या निरुपद्रवी जंतूपासून लस केली. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात रुग्णाचं शरीर जंतूंना ओळखतच नाही, त्वचेत ते कोट्यवधींनी वाढतात तरी प्रतिकार शून्य. अशा रुग्णांना बहुविध औषधोपचारासोबत एमडब्ल्यू दिली तेव्हा त्यांच्या शरीरातले जंतू लवकर नाहीसे झाले. नंतर तमिळनाडूत सुमारे १ लाख ७१ हजार निरोगी लोकांवर या लशी प्रतिबंधासाठी तपासल्या गेल्या. तिथे आयसीआरसीने ६५.५ टक्के संरक्षण दिलं, एमडब्ल्यूने फक्त २५.७ टक्के. जी लस उपचारात उपयोगी पडली ती प्रतिबंधात बेताची ठरली. एका कुपीतल्या द्रवाचे हे दोन स्वतंत्र गुण आहेत आणि त्यांना दोन स्वतंत्र नावं लागतात, हे मला या आकड्यांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

कर्करोगात आज सर्वाधिक हालचाल आहे. अमेरिकेत २०१० साली प्रोस्टेटच्या कर्करोगावर सिप्युल्युसेल-टी मंजूर झाली. रुग्णाच्याच पेशी काढून, शिकवून परत देतात. आयुष्य सरासरी चार महिन्यांनी वाढलं, खर्च तेव्हा ९३,००० डॉलर होता. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या १५७ रुग्णांच्या चाचणीत, प्रत्येकाच्या गाठीतले बदल वाचून फक्त त्याच्यासाठी बनवलेली एमआरएनए लस दुसऱ्या एका प्रतिकारवर्धक औषधाच्या जोडीने दिली. नुसतं ते औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाला. इथे अनुवादकाने जपावं : ‘कर्करोगाची लस’ असं एकवचनी लिहिलं तर एकच लस सगळ्यांना चालते असं वाटतं. या लशी माणसागणिक वेगळ्या असतात. ‘व्यक्तिगत उपचारलस’ म्हणावं, किंवा सरळ ‘ज्याची त्याची लस’.

एक सीमेवरचं उदाहरण : मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कर्करोगात बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, थेट मूत्राशयात सोडतात. मोरालेस यांनी १९७६ साली ९ रुग्णांवरचे अनुभव मांडले, तेव्हापासून हा उपचार रुजला आहे. द्रव्य लशीचं आहे, पण ते शरीराला कर्करोगाची ओळख शिकवत नाही, तिथली प्रतिकारशक्ती चाळवतं. म्हणून याला उपचारलस न म्हणता ‘बीसीजी-उपचार’ म्हणणं मला जास्त नेमकं वाटतं.

आता तीन पर्याय. ‘रोगनिवारक’ टाळावा. निवारण म्हणजे आलेलं दूर करणंही आणि येऊ न देणंही. ‘अंधत्व निवारण’ या एका प्रयोगात दोन्ही आहेत. जो भेद दाखवायचा तोच हा शब्द बुजवतो. ‘औषधी’ म्हटलं की वनस्पती आठवतात. ‘उपचारात्मक’ अर्थाने चुकीचा नाही, पण जड आहे, आणि ‘-आत्मक’ने ‘उपचारासारखी’ अशी छटा येते. उपचारपद्धती, उपचारकेंद्र यांच्या ओळीत ‘उपचारलस’ सहज बसतो. मजकुरात प्रथम येईल तेव्हा ‘रोग झालेल्यांना देण्याची लस, म्हणजे उपचारलस’ असं उलगडून लिहावं, पुढे नुसता शब्द पुरेल. बोलताना ‘उपचाराची लस’ म्हटलं तरी कुणाचं अडत नाही. दुसऱ्या बाजूला ‘प्रतिबंधक लस’ आहेच. मथळ्यात जागा नसेल तर किमान ‘कर्करुग्णांसाठी लस’ लिहावं. ‘रुग्णांसाठी’ हा एक शब्द संदिग्धता मिटवतो.

शेवटचा उपप्रश्न : म्हैस–म्हशी, घूस–घुशी, कूस–कुशी या रीतीने लस–लशी. ‘ई’पुढे ‘स’चा ‘श’ होतो, म्हणून लशीचा, लशींची, उपचारलशी. ‘लसीकरण’ संस्कृत घडणीचा शब्द, तिथे ‘स’च राहतो, आणि त्याच्याच प्रभावाने ‘लसी, लसीचा’ ही रूपं आता सर्रास छापली जातात. ती रूढ आहेत, मी त्यांना चूक म्हणणार नाही. एका मजकुरात एकच रूप ठेवावं इतकंच.