फर्नांडोचं सुतक

"ताई, मी 53 वर्षांचा, पुण्यात राहतो. लहानपण लॉस एंजेलिसमध्ये गेलं. बाबांच्या नोकरीमुळे 1980 मध्ये तिकडे गेलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. गेल्या महिन्यात, 22 ऑक्टोबर 2024 ला, तिथल्या डॉजर्स या बेसबॉल संघाचा जुना पिचर (म्हणजे चेंडू फेकणारा) फर्नांडो व्हॅलेन्झुएला 63 व्या वर्षी गेला. बातमी वाचली आणि ऑफिसच्या जिन्यात उभा राहून रडलो. दिवाळीभर घास गोड लागला नाही. बायको म्हणते, 'सख्खे काका गेले तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि हा कोण कुठला?' खरंच, कोण होता तो माझा? इथे बेसबॉल कुणाला कळतो? माझी मलाच लाज वाटते. – एक डावखुरा"

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. वर छापलंय ते पहिल्या पानावरचं. पण "कोण होता तो माझा" याचं उत्तर तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय.

जेवताना आई डाव्या हातावर चापट मारायची. शाळेत इंग्रजी कळायचं नाही, म्हणून तुम्ही मागच्या बाकावर गप्प. आणि 1981 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या मेक्सिकन घरातल्या मुलाने तुम्हाला हाताला धरून त्यांच्या ओट्यावर नेलं, रेडिओ ऐकायला. मोसमाचा पहिलाच सामना, ठरलेला पिचर आदल्या दिवशी जायबंदी झालेला, म्हणून वीस वर्षांच्या पोराच्या हातात चेंडू दिला. त्याने ह्यूस्टनला एक धाव करू दिली नाही. मग लागोपाठ आठ सामने जिंकले, त्यातल्या पाचांत समोरच्यांना भोपळा. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या एका खेड्यातला, बारा भावंडांतलं शेंडेफळ, अंगाने गुबगुबीत. इंग्रजी येत नव्हतं, पत्रकारांशी बोलताना शेजारी दुभाषा लागायचा. आणि डावखुरा! "पन्नास हजार माणसं डावऱ्या माणसासाठी उभी राहतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं," असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, ज्याने दहा वर्षांच्या मुलाची मान वर केली तो कोण कुठला कसा?

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर तीन रात्री त्याचे जुने सामने पाहिले. तो उजवा पाय उंच उचलतो, दोन्ही हात डोक्यावर नेतो आणि नेमका त्या क्षणी समोरच्या माणसाकडे न बघता आभाळाकडे बघतो. बुबुळं पार वर. आपल्याला वाटतं, आता हा फेकणार कुठे? आणि चेंडू सुटतो, गुगलीसारखा भलत्याच बाजूला वळतो, फलंदाज हवेत बॅट फिरवून मोकळा. त्याला स्क्रूबॉल म्हणतात हे तुमच्याकडूनच कळलं. ते आभाळाकडे बघणं मी कितीदा तरी मागे नेऊन पाहिलं.

शेजारच्या आजींबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण त्या माझ्या मनातून जात नाहीत. डॉजर्सचं मैदान ज्या टेकड्यांवर आहे, तिथल्या मेक्सिकन कुटुंबांना 1950 च्या दशकात घरांतून काढलं होतं. आजींनी त्या मैदानात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलेलं. फर्नांडो आला आणि त्या नातवाचा हात धरून गेल्या. त्यांच्यासारखी किती घरं असतील त्या शहरात!

कुणी तुम्हाला सांगेल की हे रडणं त्याच्यासाठी नाहीच, ते हरवलेल्या लहानपणासाठी आहे, नाहीतर बाबांसाठी. मला ते पटत नाही. एका माणसाने तुमचं भलं केलं, तो गेला, तुम्ही त्याच्यासाठी रडलात. ते रडणं त्याचंच राहू द्या.

काकांचं म्हणाल, तर काका गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. सुतक होतं, दहावा होता, तेरावा होता, कुणी चहा करत होतं, कुणी जुन्या गोष्टी काढत होतं. दुःखाला जायला वाट होती. फर्नांडोचं ना सुतक, ना कुणी दारात चप्पल काढून आत आलं. तिकडे लोकांनी स्टेडियमबाहेर फुलं ठेवली, मेणबत्त्या लावल्या. अभ्यंगस्नानाच्या सकाळी त्याच्या संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडचं बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली, तेव्हा तुम्ही फराळाच्या ताटापुढे एकटे फोन धरून बसला होतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिकडे विजयाची मिरवणूक निघाली, तो त्याचा वाढदिवस, 64 वा. हेही तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मग वहिनींना कळणार कसं?

2005 मध्ये एकनाथ सोलकर गेले, तेव्हा माझा थोरला भाऊ दिवसभर बोलला नाही. जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, 27 कसोटींत 53 झेल. भावाची आणि त्यांची कधी भेटही नव्हती. संध्याकाळी तो एकदम उठला आणि दिवाणखान्यात गुडघे वाकवून, हाताची ओंजळ करून, फलंदाजाच्या अगदी तोंडाशी सोलकर कसे उभे राहायचे ते दाखवू लागला. साठी उलटलेला माणूस! माझी वहिनी आधी हसली, मग पदराने डोळे पुसून त्याच्याजवळ जाऊन बसली. तुम्हीही वहिनींना समजावून सांगत बसू नका. घरातल्या मोकळ्या जागेत उभे राहा, पाय उचला, आभाळाकडे बघून दाखवा. डाव्या हाताने. त्या चापटीची गोष्टही सांगा, ती त्यांना माहीत नसावी असं पत्रावरून वाटतं.

आणि एक काम माझ्याकडून हक्काने सांगते. शेजारच्या त्या मुलाशी वीस वर्षांत बोलणं नाही, असं तुम्ही शेवटच्या पानावर लिहिलंय. तुमच्याकडे कुणी भेटायला आलं नाही हे खरं, पण त्याच्याकडेही तुम्ही गेला नाहीत. त्याचाही फर्नांडो गेलाय, आजी तर कधीच गेल्या. त्याच्या बहिणीचा पत्ता तुमच्याकडे आहे, तिच्याकडून नंबर घ्या. सध्या तुमच्या रात्री साडेनऊला त्याच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. जेवण लवकर उरका आणि फोन लावा.

तुमची,
ताई