फोटोत तोंड एकीचंच दिसत होतं

"मावशी, मी वऱ्हाडातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका आहे. वय 54, नोकरीची चार वर्षं उरली. आमच्याकडे एक कंत्राटी सिस्टर होती. नवऱ्यापासून वेगळी, मुलगा तिच्या आईजवळ. आमच्या डॉक्टरसाहेबांशी तिचं जमलं. साहेब लग्नाचे, मिसेस नागपूरला. सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. जानेवारीत कुणीतरी दोघांचा नागपूरच्या फुटाळा तलावावरचा फोटो ग्रुपवर टाकला. साहेबांच्या तोंडावर पिवळा हसरा चेहरा चिकटवलेला, तिचं तोंड उघडं. मग गावातले चारजण आले. सिस्टर रात्रपाळीला हजर नसते, बाळंतिणींकडे लक्ष देत नाही, असं निवेदन तयार केलं. स्टाफच्याही सह्या घेतल्या. मीही सही करून दिली. वाटलं, साहेबांच्या मिसेसचा संसार वाचेल. 31 मार्चला सिस्टरची ऑर्डर संपली, नवी निघालीच नाही. साहेबांनी बदली मागितली, नागपूरजवळ मिळाली. निरोपाला गोळाभात केला, शाल-श्रीफळ दिलं, मीच ओवाळलं.

आता तिचा फोन आला. म्हणे, 'काकू, मी कामात कुचराई केली नव्हती एवढं तुम्ही लिहून द्या, दुसरीकडे अर्ज करायचा आहे.' आमचे हे म्हणतात, त्यात पडू नको. मला झोप लागत नाही. पण मावशी, चूक तिचीही होतीच ना? तो लग्नाचा आहे हे तिले समजत नव्हतं का? बाई म्हणजे काचेचं भांडं. तिनं नको का सांभाळाले?"

बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सगळं शिस्तीत, रजिस्टर लिहावं तसं, आणि शेवटी "तिले समजत नव्हतं का" इथे घरची बोली बाहेर पडली. म्हणजे राग तिथे आहे. मग तिथूनच सुरू करते.

समजत होतं. रात्री-बेरात्री बाळंतपणं करणाऱ्या बाईला लग्न म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. तिची चूक आहेच असं धरलं, तर ती साहेबांच्या मिसेसच्या बाबतीतली आहे, आणि साहेबांची चूक तिच्या आधीची आहे. सप्तपदी साहेब चालले होते, सिस्टर नाही. त्या मिसेसना कायद्यानं वाट दिलेली आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात नवऱ्याचे परस्त्रीशी संबंध हे घटस्फोटाचं कारण आहे. ती वाट धरायची की नवऱ्याला माफ करायचं, हे त्यांचं त्या बघतील. त्यांनी तुम्हाला सही करायला सांगितलं नव्हतं. त्यांना कुणी विचारल्याचंही तुमच्या पत्रात दिसत नाही.

आता तो फोटो. तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. कुणीतरी बसून, तो पिवळा चेहरा बोटानं मोठा करून, नेमका साहेबांच्या तोंडावर आणून ठेवला. एवढ्या वेळात तिचंही तोंड झाकावं असं त्याच्या मनात आलं नाही. साहेबांकडे त्याला उद्या फिटनेस सर्टिफिकेट लागेल, सासऱ्याला रेफर करायची चिठ्ठी लागेल, शेतात कुणी फवारणीनं दगावलं तर पोस्टमार्टेमच्या रिपोर्टवर सही लागेल. सिस्टरकडे काय लागणार होतं? बायकोचं बाळंतपण, आणि ते तर होऊन गेलेलं.

काचेच्या भांड्याचं म्हणाल, तर पुरुषाला आपण पितळेचं समजतो. चिंच लावून घासलं की लख्ख. तुम्ही ओवाळलं ना, ती तुमची चिंच. (चिडू नका, पुढे माझंही येणार आहे.)

आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली "स्त्रीपुरुष तुलना" लिहिली. आदल्या वर्षी सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, पुढे ती अपिलात कमी झाली. त्या निमित्तानं साऱ्या बाईजातीला नावं ठेवणं सुरू झालं, तेव्हा ताराबाईंनी विचारलं, जे दोष बाईच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय? मूल काही तिला एकटीला झालं नव्हतं, पण खटल्यात नाव तिचंच राहिलं. त्या काळी चेहरे चिकटवायची सोय नव्हती, तरी जमलंच.

आता माझं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साली मी एका खेड्यातल्या शाळेत नवीन होते. तिथल्या एका शिक्षिकेबद्दल आणि हेडमास्तरांबद्दल असंच काही बोललं जायचं. खरं काय ते पाहायला मी गेले नाही. त्या बाईंच्या डब्यातलं खाणं तेवढं सोडलं. गणपतीत हेडमास्तरांच्या हातचा प्रसाद मात्र दोन्ही हात पुढे करून घेतला. बाई वर्षभरात बदलून गेल्या. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी असायची त्यांच्या डब्यात. अजून आठवतं.

तेव्हा उपदेश करायचा हक्क मला फारसा नाही. नोकरीचं मात्र कळतं, म्हणून त्यावर बोलते.

कुणाचं मन कुणावर बसलं याची चौकशी कचेरीनं करू नये, असं माझं मत आहे. पोलिसांनी तर नाहीच. व्यभिचाराचं 497 कलम सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. मजा अशी की 1860 च्या दंड संहितेतल्या त्या कलमात शिक्षा फक्त पुरुषाला होती. बाईवर दया म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या मालाला हात लावला म्हणून. बाईच्या नवऱ्याची संमती असली की गुन्हाच होत नव्हता!

पण कचेरीनं एक गोष्ट विचारायलाच हवी होती, आणि नेमकी तीच कुणी विचारली नाही. सिस्टरचा मूल्यांकन अहवाल कोण लिहीत होतं?

तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कंत्राटी माणसाची ऑर्डर अकरा महिन्यांची. पुढची निघायची तर अहवालावर वैद्यकीय अधिकाऱ्याचे गुण लागतात, त्याची सही लागते. जिच्याशी आपलं नातं आहे तिलाच गुण द्यायचे म्हणजे काय? जास्त दिले तर बाकीच्या सिस्टरांवर अन्याय. बिनसलं म्हणून कमी दिले तर तिच्यावर. अगदी बरोबर दिले तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार? साहेबांची नोकरीतली चूक ही आहे. नातं सुरू झालं तेव्हाच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दोन ओळी लिहायच्या होत्या, की वैयक्तिक कारणामुळे या कर्मचाऱ्याचं मूल्यांकन माझ्याकडे नको. नाहीतर बदली तेव्हाच मागायची होती. बदली मागता येत होती हे त्यांनी दाखवलंच की, फक्त स्वतःवर शेकल्यावर.

यात कळायला अवघड काही नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्यानं पंचायतीच्याच कामाचा ठेका घेतला तर सदस्यत्व जातं, हे त्या चौघांना पाठ असणार. विरोधी पार्टीचा एखादा मेंबर त्यांनी असा घरी बसवलाही असेल. हितसंबंध गावाला बरोबर कळतो. इथे बाई दिसली आणि सगळे तिच्याकडेच बघत बसले. मोठ्या कंपन्या काही संत नव्हेत, पण मॅगीवाल्या नेस्लेनं 1 सप्टेंबर 2025 ला आपल्या जगभरच्या कारभाराचा मुख्य अधिकारी काढला, तो थेट हाताखालच्या बाईशी असलेलं नातं त्यानं लपवलं म्हणून. ज्याच्या हाती अधिकार, आधी सांगण्याची जबाबदारी त्याची.

आपल्याकडे उलटं का झालं? साहेब कायम नोकरीतले. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 त्यांना लागू. सचोटी हवी, सरकारी नोकराला न शोभणारं वागू नये, सगळं त्यात आहे. पण त्यांना हात लावायचा तर दोषारोपपत्र, लेखी उत्तर, चौकशी अधिकारी, साक्षी, उलटतपासणी. एवढं कोण करतं? आणि तिला काढायला काय लागलं? काहीच नाही. तिला कुणी काढलंच नाही, पुढची ऑर्डर तेवढी निघाली नाही. कारण द्यायला नको, तिचं ऐकून घ्यायला नको. म्हणून मी सगळा दोष पुरुषी नजरेवर टाकणार नाही. अर्धा दुजाभाव ती बाई होती म्हणून झाला, अर्धा ती कंत्राटी होती म्हणून. आणि आपल्या केंद्रांमध्ये कंत्राटी सिस्टर म्हणजे बायाच, त्यामुळे दोन्ही अर्धे एकाच घरी जाऊन पडतात.

एका गोष्टीवर मी घुटमळते आहे. "जमलं" असं तुम्ही लिहिलं. ते मर्जीनं जमलं की ऑर्डरच्या भीतीनं, हे बाहेरून मला सांगता येत नाही, शेजारच्या टेबलावरून तुम्हालाही नाही. नोकरीत भलं करीन किंवा वाईट करीन असं सुचवून कुणी जवळीक मागितली असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तो छळ ठरतो. तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची. तेवढ्यात करता आली नाही याचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. ही माहिती तिला द्या आणि मग गप्प बसा. तक्रार करायची की नाही, हे तिनं ठरवायचं. "काकू, जबरदस्ती नव्हती," असं ती म्हणाली तर तेही तसंच ऐकून घ्या. आपल्याला बाई एकतर चालू लागते, नाहीतर बिचारी. स्वतःच्या मर्जीनं वागलेली, कदाचित चुकलेली, आणि तरीही रात्रपाळीला वेळेवर हजर असलेली बाई आपल्या निवेदनांत बसत नाही.

आता तुमची सही. प्रसूतीच्या रजिस्टरात रात्री दोनच्या, पहाटे चारच्या बाळंतपणांपुढे सिस्टरच्या सह्या असतील. तुम्ही सहायिका, ते रजिस्टर तपासून खाली सही तुम्हीच करत असणार. म्हणजे वर्षभर तुम्ही लिहून दिलं की ती हजर होती, आणि एका दुपारी लिहून दिलं की नव्हती. झोप याचीच उडाली आहे. "पडू नको" असं तुमचे हे म्हणतात, पण तुम्ही पडलात ते त्याच दुपारी.

तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे एक अर्ज लिहा, प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. चार ओळींच्या वर जाऊ नका. "अमुक तारखेच्या निवेदनावर माझी सही आहे. त्यातील रात्रपाळी व प्रसूतीसंबंधीचा मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा नाही. प्रसूती नोंदवही पाहावी. निवेदनावरील माझी सही मी मागे घेत आहे." बस. साहेब नकोत, फोटो नको, चारित्र्य तर अजिबात नको, कुणाच्याही बाजूनं. निवेदनाची तारीख, मजकूर आठवत नसेल तर माहितीच्या अधिकारात प्रत मागा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण त्यासाठी अर्ज थांबवू नका, तारखेऐवजी महिना टाका. आवक-जावकला द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. शिपायाच्या हाती देऊन घरी येऊ नका.

विचारतील, मग तेव्हा सही का केली? खरं असेल ते सांगा. न वाचता केली असेल तर न वाचता. वाचून केली असेल तर तसं सांगा, बहाणा नको. एखादी कारणे दाखवा नोटीस येईल कदाचित, ती येणारच नाही असं मी म्हणत नाही. अर्ज देण्याआधी संघटनेतल्या कुणा जुन्या माणसाशी बोलून घ्या. पेन्शन चार वर्षांवर आलेल्या बाईनं धीट व्हावं असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पण रजिस्टर तुमच्या बाजूचं आहे, आणि खोट्यावर सही तशीच ठेवून निवृत्त होणं मला तरी जास्त धोक्याचं वाटतं. उद्या कुणी चौकशी लावली तर दोन्ही सह्या शेजारी ठेवून विचारतील.

अनुभव प्रमाणपत्र तुम्ही देऊ शकत नाही, ते आताच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचं काम. तुम्ही एवढं करा, तिचा अर्ज आला की तो आवक होतो की नाही ते पाहा आणि आठवड्यानं "त्या अर्जाचं काय झालं जी?" म्हणून विचारा. तुमच्या वयाच्या बाईनं दोनदा विचारलं की कागद हलतो. तो फोटो अजून फोनमध्ये असेल तर काढून टाका, आणि आशाताईंच्या मासिक मीटिंगमध्ये विषय निघाला तर "मी चुकीची सही केली होती," एवढं एकदा मोठ्यानं म्हणा. बाकीच्यांनीही सह्या केल्यात. त्यातली एखादी तुमच्या मागोमाग येईल. नाही आली तर नाही.

सिस्टरला आधी फोन करा, अर्ज मग लिहा. माफीनं सुरुवात करू नका. तुम्ही रडाल, आणि तिलाच तुमची समजूत काढावी लागेल. आपल्याकडच्या शाळा आता जूनच्या शेवटी उघडतील. पोराला कुठल्या शाळेत घातलं, ते आधी विचारा.

तुमची,
मावशी