आधी मागची सीट बसवा

(पत्र कापून देतेय, नुसतं गाडीचं वर्णनच दोन पानं होतं.)

"आक्का, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला, वय ६१, गेल्या वर्षी रिटायर झालो. १९८४ साली कॉलेजात असताना डोंबिवलीला मामाकडे व्हीसीआरवर 'ईझी रायडर' हा अमेरिकन पिक्चर पाहिला आणि वेडच लागलं. तो रस्ता, त्या लांबलचक गाड्या, कोणाला काही विचारायचं नाही. ८९ ला कर्ज काढून बुलेट साडेतीनशे घेतली, आजही एका किकमध्ये सुरू होते. ९१ ला लग्न झालं. ९३ ला पिक्चरसारखा लूक यावा म्हणून हँडल उंच केलं, मडगार्ड छोटे केले, मागची सीट काढून कॅरियर टाकला, टाकी निळी केली. आता रेवस ते रेड्डी अख्खा कोकण किनारा एकट्याने करायचाय, चाळीस वर्षांचं स्वप्न आहे. पण मिसेस म्हणते गाडी विका. पुण्यातला एकजण चांगली किंमत देतोय, मुलगाही तिच्याच बाजूने. तिला गाडीची आवड कधी नव्हतीच. मे महिन्यात मालगुंडला तिच्या माहेरी भाचीच्या लग्नाला पण मी गाडीने आणि ती एसटीने, तवसाळच्या जेटीवर भेटलो. एवढं प्रेम असं विकून टाकायचं का? तिला कसं समजवू? – एक बुलेटवाला"

भाऊ,

"मागची सीट काढून कॅरियर टाकला." मडगार्ड आणि टाकीच्या रंगामध्ये हे असं सरकवलंत की जसा काही आरसा बदलला. लग्न ९१ चं, सीट गेली ९३ ला, म्हणजे मधली दोन वर्षं त्या सीटवर वहिनीच बसत असणार, नव्या लग्नात दुसरं कोण बसतं. आणि मग एक दिवस त्या बाहेर येऊन बघतात तर त्यांच्या जागेवर लोखंडी जाळी. तुम्ही त्यांना विचारलं होतंत का, हे मी विचारतच नाही, पत्रातच उत्तर आहे, कोणाला काही विचारायचं नाही हेच तर तुम्हाला त्या पिक्चरमधलं आवडलं होतं.

वर मला सांगताय तिला आवड नव्हतीच! बसायला जागा नाही तर आवड ठेवणार कुठे, कॅरियरवर? बंजी कॉर्डने बांधून?

आणि ते जेटीवर भेटलो. घरातून एकाच लग्नाला निघालेली दोन माणसं, एक बुलेटवरून गॉगल लावून, दुसरी मे महिन्याच्या उन्हात स्टँडवर एसटीची वाट बघत, हातात आहेराची पिशवी, अंगावर लग्नाची साडी. मग बोटीत तुम्ही गाडी स्टँडला लावून रेलिंगशी उभे असणार आणि त्या बाकड्यावर. जयगडला उतरल्यावर तुम्ही पुढे गेलात का हो? रिक्षा त्यांनी स्वतः बघितली की तुम्ही थांबवून दिलीत? नाही लिहिलंत म्हणून विचारतेय. मुलगा त्यांच्या बाजूने का आहे हे मला त्या जेटीवरच कळलं.

आता तुमच्या पिक्चरबद्दल. मी पाहिलाय, मला आवडतो, त्यामुळे बाईमाणसाला काय कळणार वगैरे मनात आणू नका. १९६९ चा पिक्चर, डेनिस हॉपरने दिग्दर्शित केलेला, तो स्वतः आणि पीटर फोंडा दोघं लॉस एंजेलिसहून न्यू ऑर्लीन्सला निघतात, पैसे टाकीत लपवलेले, निघताना फोंडा मनगटावरचं घड्याळ काढून रस्त्यात फेकून देतो. तुमच्यासारख्या हजारो पोरांनी तेवढंच बघितलं, घड्याळ फेकलं. पण फोंडाच्या त्या अमेरिकन झेंड्याच्या रंगाच्या गाडीवर, जिची नक्कल म्हणून तुम्ही टाकी निळी केलीत, त्याच गाडीवर, मागे कोण बसतं? आधी रस्त्यात लिफ्ट मागणारा एक अनोळखी माणूस बसतो. मग जॅक निकोल्सन बसतो, तो दारुडा वकील, डोक्यावर अमेरिकन फुटबॉलचं सोनेरी हेल्मेट घालून, लहान पोरासारखा खूश. निकोल्सनला त्या रोलसाठी ऑस्करचं पहिलं नॉमिनेशन मिळालं, आणि पिक्चरमधला सगळ्यात जीव लावणारा भाग तोच आहे, तो मागे बसलेला असतो तोपर्यंतचा. त्या गाडीला मागे बसायला जागा होती भाऊ, टेकायला उंच दांडासुद्धा होता! तुम्ही लूक कॉपी केला म्हणता आणि त्यातली माणूस बसायची तेवढी जागा वगळलीत. (त्या गाडीला पुढच्या चाकाला ब्रेकच नव्हता, ते नाही उचललंत हे नशीब, नाहीतर गुहागर चिपळूण रस्त्यावरच पुढची पत्रं थांबली असती.)

अजून एक सीन आठवा. टायर पंक्चर होतो, दोघं एका शेतकऱ्याच्या गोठ्यात चाक दुरुस्त करतात, बाजूला तो घोड्याला नाल ठोकतोय, मग सगळे त्याच्या बायकामुलांबरोबर जेवायला बसतात. तिथे फोंडा त्या घरबशा शेतकऱ्याचं कौतुक करतो, म्हणतो तुला अभिमान वाटला पाहिजे. आणि शेवटच्या रात्री शेकोटीपाशी हाच हिरो म्हणतो की आपण घालवलं सगळं. कशाबद्दल म्हणतो ते सांगत नाही, लोक अजून वाद घालतात. तुम्ही त्यावर एकदा शांतपणे विचार करा एवढंच म्हणते, माझं मत मी सांगत नाही.

आता काय करायचं. समजवायचं नाही. वहिनींना काहीही समजवायला जायचं नाही, बत्तीस वर्षं तुम्ही नुसती बडबड केलीय, ॲमीटरची सुई, डिकॉम्प्रेसर, जुन्या बुलेटचा उजवीकडचा गिअर, सगळं त्यांना पाठ असणार. तोंड बंद ठेवून या आठवड्यात मागची सीट बसवून घ्या. बाकी काही नाही.

आणि नीट बसवा. त्या जागेचे नट खाऱ्या हवेने जाम झालेले असणार, आदल्या रात्री डिझेल घालून ठेवा, नाहीतर मेकॅनिक छिन्नी मारेल आणि तुम्ही त्याच्यावर ओरडाल. सीट लांब आणि जाड घ्या, साठीतल्या माणसाच्या कंबरेला पातळ पॅड चालत नाही. फूटरेस्ट आहेत की तेही काढले? रबर नवीन घाला. धरायला कडी हवी, आणि साडी गार्ड तर हवंच, मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं पाहिजे असा मोटार वाहन नियमच आहे, तो पदर आणि ओढण्या चाकात जाऊन बायका मेल्यात म्हणून आहे. तुम्ही मडगार्ड छोटे केलेत म्हणता, मागचा परत पूर्ण घाला. लूक जाईल. जाऊ दे. मागच्या टायरला हवा दोघांच्या वजनाची भरा, शॉकॲब्सॉर्बर दाखवून घ्या. ते उंच हँडल पण खाली आणा असं माझं मत आहे पण आज तेवढ्यावर भांडत नाही. हेल्मेट दोन, आयएसआय मार्कवाली, आणि दुसरं मुलाचं जुनं नको, वहिनींच्या मापाचं, त्यांना दुकानात नेऊन घेतलेलं. नेताना रिक्षाने न्या, सीट अजून झाली नसेल तर.

मग एखाद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, मालगुंड. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, बोट, जयगड. तीच बोट. चढउताराला त्यांना आधी खाली उतरवा, ओहोटीला तो उतार तीव्र होतो आणि शेवाळ्याने निसरडा असतो, तिथे हिरोगिरी नको. माहेरच्या दारात गाडी थेट उभी करा, कोपऱ्यावर नाही. त्यांच्या माहेरच्या माणसांनी त्यांना तुमच्या गाडीवरून उतरताना शेवटचं ९३ च्या आधी पाहिलंय.

त्या नाही म्हणाल्या तर? म्हणतील, पहिल्यांदा नक्की म्हणतील, मी पण म्हटलं असतं. सीट तरीही राहू द्यायची. कॅरियर भंगारात द्यायचा, माळ्यावर ठेवायचा नाही.

रेवस ते रेड्डीचं म्हणाल तर रस्ता कुठे पळून जात नाही. आगरदांडा दिघी, बागमांडला वेश्वी, दाभोळ धोपावे, मग आपली तवसाळ जयगड, एवढ्या बोटी, जवळपास पाचशे किलोमीटर, ६१ व्या वर्षी लोक आरामात करतात. एकट्याने करा नाहीतर कसंही, मला त्यात काही वाईट वाटत नाही. फक्त आधी मालगुंड.

आणि पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाला अजून नाही म्हणू नका. मालगुंडहून परत आल्यावर वहिनींना विचारा, त्या तेव्हाही विका म्हणाल्या तर विका, आणि त्याचं रडगाणं घेऊन माझ्याकडे येऊ नका.

– आक्का