व्हर्च्युअल सर्व्हर पॅच करून रीबूट करताना क्रम काय ठेवावा?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून: दोन ईएसएक्सआय होस्ट (व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर असलेली, व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारी यंत्रं), सामायिक स्टोरेज, व्हीसेंटर (त्या होस्टचं व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर) त्याच क्लस्टरमध्ये म्हणजे होस्टच्या गटात, दोन डोमेन कंट्रोलर (विंडोजची लॉगिन खाती सांभाळणारे सर्व्हर), एक एसक्यूएल (डेटाबेस) सर्व्हर आणि काही व्हीएम (व्हर्च्युअल सर्व्हर) असे की वर्षभर रीबूटच झालेले नाहीत. मी असंच एक क्लस्टर सांभाळतो. माझा पहिला सल्ला: आधी पॅच (दुरुस्तीचं अपडेट) न लावता नुसतं रीबूट करा.

वर्षभर चालू असलेला सर्व्हर पॅचनंतर उठला नाही की सगळे पॅचला शिव्या घालतात. पुष्कळदा दोष जुनाच निघतो. कुणीतरी हाताने डिस्क माउंट केलेली असते, पण एफएसटॅबमध्ये (लिनक्स सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) नोंद नसते. सर्व्हिसच्या खात्याचा पासवर्ड बदललेला असतो, सर्व्हिस मात्र जुन्यावरच चालू असते. नुसत्या रीबूटमध्ये हे उघडं पडतं, आणि पॅच काढायचा की ठेवायचा या वादात रात्र जात नाही. फक्त विंडोजवर आधीचे अपडेट रीस्टार्टची वाट बघत बसलेले नाहीत ना, ते पाहा. नाहीतर ते रीबूट ‘नुसतं’ राहत नाही.

दुसरं, एकमेकांत अडकलेली साखळी तपासा. होस्टच्या नावावरून त्याचा पत्ता डीएनएस (नाव-पत्त्यांची सेवा) सांगणार, डीएनएस डोमेन कंट्रोलरवर, आणि डोमेन कंट्रोलर त्याच होस्टवर! दोन्ही होस्टचे आयपी आणि रूट पासवर्ड कागदावर, कुलपात ठेवा. पासवर्ड मॅनेजरही त्याच क्लस्टरवर असतो, हे लोक हमखास विसरतात.

डोमेन कंट्रोलर एकाच दिवशी दोन्ही पॅच करू नका. जानेवारी २०२२ च्या विंडोज अपडेटनंतर काही डोमेन कंट्रोलर आपोआप पुन्हापुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. मायक्रोसॉफ्टने आठवड्याभरात वेगळी दुरुस्ती काढली. एक पॅच करा, दोघांमधलं रेप्लिकेशन (माहिती एकमेकांकडे पोचणं) स्वच्छ आहे का बघा, दुसरा पुढच्या आठवड्यात.

क्रम: आधी व्हीसेंटर, मग एकेक होस्ट. होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये (म्हणजे त्यावरचे व्हीएम दुसरीकडे हलवून) टाकण्यापूर्वी उरलेल्या होस्टची मेमरी सगळ्यांना पुरेल का ते मोजा. मोड अर्ध्यावर अडकला तर होस्टच्या लोकल डेटास्टोअरवरची (स्वतःच्या डिस्कवरची) आयएसओ, म्हणजे सीडीची फाइल, एखाद्या व्हीएमला जोडलेली राहिलीय का पाहा, किंवा डोमेन कंट्रोलर वेगवेगळ्या होस्टवर ठेवण्याचा तुमचाच नियम आड येतोय का. दोनच होस्ट असताना तो नियम तेवढ्यापुरता बंद करावा लागतो. शिवाय प्रोसेसरशी संबंधित दुरुस्ती असेल (२०१८ ची स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी आठवा), तर व्हीएम आतून रीस्टार्ट करून भागत नाही. पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा लागतो.

पॅचआधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती) घ्या, पण त्याला बॅकअप समजू नका. मूळ डिस्क गेली की त्याचा काही उपयोग नाही. व्हीएमवेअरच सांगतं की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. एसक्यूएलसाठी मी फक्त रीस्टोअर करून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबतो.

होस्टच्या साध्या अपडेटला मी काही आठवडे थांबतो. ईएसएक्सआय ७.० अपडेट ३ नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीलाच मागे घ्यावं लागलं होतं. सुरक्षेचा गंभीर पॅच मात्र ताबडतोब लावा: फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स या खंडणीखोर हल्ल्यात ज्या भोकाकडे बोट दाखवलं गेलं, त्याचा पॅच फेब्रुवारी २०२१ पासून उपलब्ध होता.