पटत नाही म्हणून पाठ होत नाही

पुण्यातील महाविद्यालयांमधून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची एक तक्रार दरवर्षी हमखास असते : बारावीपर्यंत अर्थशास्त्रात चांगले गुण होते, आता समग्रलक्ष्यी अर्थशास्त्राचा, म्हणजे साऱ्या अर्थव्यवस्थेचा एकत्रित विचार करणाऱ्या शाखेचा, पेपर समोर आला की काहीच सुचत नाही, मी विषयच चुकीचा निवडला का? अशाच एका मुलीची हकीकत तिच्या परवानगीने, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे देत आहे. तिला मेघना म्हणू.

मेघना सोलापूर जिल्ह्यातली, मराठी माध्यमातून शिकलेली, डेक्कन परिसरातील वसतिगृहात राहणारी. वडिलांचे गावात किराणा दुकान. अंतर्गत परीक्षेत 30 पैकी 9 गुण मिळाल्यावर ती आली. झोप, जेवण, मैत्रिणींमध्ये मिसळणे याविषयी मी आधी विचारून घेतले, कारण अभ्यासाच्या तक्रारीआड कधीकधी नैराश्य दडलेले असते; तसे काही दिसले नाही. मग मी, हे कबूल केलेच पाहिजे, नेहमीची वाट धरली. अडसर इंग्रजीचाच असणार असे गृहीत धरून संज्ञांची वही, वेळापत्रक, जुन्या प्रश्नपत्रिका यांत दोन भेटी घालवल्या. संज्ञा तिला मुळातच येत होत्या. वही सुबक झाली, गुण होते तिथेच राहिले.

तिसऱ्या भेटीत मी तिला म्हटले, "मला यातले फारसे कळत नाही. तुला जे सर्वांत नकोसे वाटते, तेच मला समजावून सांग." तिने वही उघडली. बचत बरोबर गुंतवणूक, असे समीकरण एका पानावर होते आणि त्याखाली पेन्सिलीने लिहून खोडलेले, तरी कागदावर उमटून राहिलेले तीन शब्द : हे खोटं आहे.

पुढची वीस मिनिटे ती जवळजवळ भांडतच होती. न विकला गेलेला माल हा साठ्यातील वाढ म्हणून गुंतवणुकीत धरतात, यावर तिचा सर्वांत जास्त राग होता. "मॅडम, दिवाळीचा माल अंगावर पडला की आमच्या घरी आठवडाभर कोणी धड बोलत नाही, आणि यांच्या लेखी ती गुंतवणूक!" सगळ्यांनी एकदम बचत वाढवायची ठरवली तर एकूण उत्पन्नच घटू शकते, हे विधान तर 'थेंबे थेंबे तळे साचे' ऐकत वाढलेल्या या मुलीला चुकीचेच नव्हे, उद्धट वाटत होते. मजकूर तिला कळला होता; तो पटला नव्हता, आणि न पटलेले पाठ करायला तिचे मन तयार नव्हते. अशा मुलांना शाळेत आपण चौकस म्हणतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षी कच्चे ठरवतो.

मी एवढेच विचारले, "पाऊस न झालेल्या वर्षी दुकानात काय होते?"

ती जरा थांबली आणि मग सांगत गेली. लोक हात आखडता घेतात, चहापत्तीचे मोठे पुडे जाऊन छोटे खपू लागतात, उधारी थकते. फळीवरचा माल हलत नाही म्हणून बाबा पुढची मागणी कमी करतात, मग टेम्पोवाल्याच्या खेपा घटतात आणि तोही उधारीवर येतो. बोलता बोलता तिने पेन्सिल उचलली. "म्हणजे पडून राहिलेला माल धरल्यामुळे हिशेब जुळतो, पण बाबांनी तो ठरवून साठवलेला नसतो, म्हणूनच ते पुढच्या वेळी कमी उचलतात आणि मग सगळ्यांचंच उत्पन्न खाली येतं." 1929 ची महामंदी आणि एकूण मागणी घटली की उत्पन्न घटते असे सांगणारा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सचा 1936 मधील सिद्धान्त वर्गात शिकवला, तेव्हा ती अमेरिकेची गोष्ट म्हणून तिने सोडून दिली होती.

गुणकाचे, म्हणजे एकदा खर्च झालेला पैसा हातोहात फिरून एकूण उत्पन्न किती पट वाढवतो याचे, गणितही तिने तिथेच मांडले : मिळालेल्या रुपयातले 80 पैसे खर्च होत असतील, तर 1000 रुपयांचे 800, त्यांचे 640, पुढे 512, असे करत एकूण 5000. मग तिनेच शंका काढली. बाबा माल सोलापुरातून आणतात, पैसा गावाबाहेर जातो. मग गावात पाचपट कसे होतील? ही गळती आयात आणि कर यांच्या रूपाने पुढच्या प्रकरणात येते, हे तिला नंतर शिक्षकांकडून कळले.

'खोटं' या शब्दाविषयीही आम्ही बोललो. तिच्या वसतिगृहापासून जवळच असलेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे सदस्य होते. देशाच्या उत्पन्नात काय मोजायचे आणि कशात धरायचे, हे माणसांनीच बसून ठरवलेले आहे, ते बाबांच्या दुःखावरचे मत नाही, असे मी म्हटले. तिला ते अर्धेच पटले. मी आग्रह धरला नाही. पटलेले नाही तिथे वहीत खाडाखोड न करता प्रश्नचिन्ह करायचे आणि तो प्रश्न त्याच आठवड्यात शिक्षकांना विचारायचा, एवढे मात्र ठरले.

चौथ्या भेटीच्या सकाळी तिचा निरोप आला : आज येता येणार नाही, सरांनी शंकांसाठी तीच वेळ दिली आहे आणि प्रश्न अकरा झाले आहेत.